अण्णांचं बेचाळीस

स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी आमच्या एकलहऱ्याच्या वसाहतीत मुलांना इतिहास दाखवायला नेण्याची जणू साथच आली होती. समोरच्या बिऱ्हाडातले लोक रायगड करून आले. वरच्या मजल्यावरचे थेट दिल्लीला गेले आणि लाल किल्ल्यासमोर काढलेले फोटो महिनाभर सगळ्यांना दाखवत राहिले. माझे पती विलास वीज केंद्रात पाळीवर, मी नाशिकरोडला पोस्टात. दोघांची सुट्टी जुळून फार तर दोन दिवस हाती येणार. तेव्हा विलासने ठरवलं की लांब जायचं नाही, आपल्याच जिल्ह्यात दोन हजार वर्षांचा इतिहास पडला आहे, तोच मुलांना नीट दाखवायचा. भाऊबीज उरकली आणि त्याच्या एका मित्राची जुनी व्हॅन आम्हाला मिळाली.

त्या दोन दिवसांत काय काय पाहिलं ते, ज्यांनी ही ठिकाणं पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी लिहावं, एवढाच माझा विचार होता. पण लिहायला बसले तर लेणी आणि महालांपेक्षा अण्णाच जास्त आठवतात.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून चार वर्षं ते आमच्याकडे आहेत. वय शहात्तर, पोलीस खात्यातून जमादार म्हणून निवृत्त झालेले. कुठे चला म्हटलं की पहिला शब्द नको. या वेळी मात्र आम्ही नकाशा पसरून बसलो होतो तेव्हा त्यांनी विचारलं, येवल्यावरून जाणार का. हो म्हटल्यावर म्हणाले, मग मीही येतो. मला इतकं बरं वाटलं की कारण विचारायचं सुचलंच नाही.

पांडवलेणी

सकाळी सातला निघून आधी उलट्या दिशेला गेलो, पांडवलेण्यांवर. पायऱ्या चढताना चिन्मयने, म्हणजे आमच्या तिसरीतल्या धाकट्याने, मोजणी सुरू केली आणि शंभरानंतर तीनदा चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा हट्ट धरला. सहावीतली मानसी पुढे पळाली. अण्णा सर्वांच्या मागे, दर दहा पायऱ्यांना थांबत, पण कुणाचा हात न धरता वर आले.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवर अक्षरं कोरलेली आहेत. विलासने एक पुस्तिका वाचून ठेवली होती. त्याने मुलांना सांगितलं की एका राणीने, आपला मुलगा गेल्यानंतर, त्याचं कौतुक इथे दगडात कोरून ठेवलं आहे. तो किती शूर होता, किती देखणा होता, आईचं कसं ऐकायचा. मानसीने त्या अक्षरांवरून, न टेकवता, बोट फिरवलं. मला गलबलून आलं. दोन हजार वर्षांपूर्वीची ती बाई एकदम शेजारपाजारची वाटली.

अण्णा बराच वेळ भिंतीकडे बघत होते. मग म्हणाले की आईनं लिहिलंय, म्हणजे चांगलं तेवढंच लिहिलं असणार. विलास हसला. मीही हसले.

चांदवड

आग्रा रोडने ओझर, पिंपळगाव मागे टाकत चांदवड गाठलं. दोन्ही बाजूंना छाटणी झालेल्या द्राक्षबागा, त्यांना नुकती फूट आलेली आणि सगळीकडे औषध फवारल्याचा उग्र वास. पुढे डोंगर जवळ आले तशी हवा कोरडी झाली.

चांदवडचा रंगमहाल बाहेरून गढीसारखा दिसतो. आत गेल्यावर लाकडाचे कोरीव खांब आणि भिंतींवरची विरत चाललेली चित्रं दिसतात. कुठे हत्तीचा अर्धा पाय उरलेला, कुठे नुसतेच डोळे. आतल्या खोल विहिरीच्या पायऱ्या उतरायला मुलांना परवानगी मिळाली नाही, म्हणून चिन्मयने वरूनच स्वतःचं नाव ओरडून पाहिलं. तिथे राखणीला असलेला माणूस पन्नाशीचा, बोलका. त्याने आम्हाला सावलीची जागा दाखवली आणि आम्ही डबे उघडले.

डबे उघडले तेव्हा कळलं की लसणाच्या चटणीचा डबा आडवा झाला आहे आणि सगळं तेल मानसीच्या इतिहासाच्या पुस्तकात जिरलं आहे. पानं लाल, वास असा की पुस्तक उघडलं की भूक लागावी. मानसी रडकुंडीला आली. राखणदाराला आम्ही जेवायला बसवलं होतं. तो तिची समजूत काढत म्हणाला की पुस्तकाचं काय एवढं, इतिहास तर डोळ्यांनी बघायचा असतो. त्यावर मानसीने डोळे पुसले आणि मान ताठ करून सांगितलं, "आमच्या घरातच आहे इतिहास. माझे आजोबा बेचाळीसच्या लढ्यात होते."

हे मला नवीन होतं. शाळेत 'माझ्या घरातला इतिहास' असा निबंध लिहून आणायला सांगितला होता, एवढं ठाऊक होतं. अण्णा कधीतरी जेवताना बेचाळीसचं साल, मोर्चा, पळापळ असं काहीबाही बोलले असतील, त्यातून तिने हे जुळवलं असणार. राखणदाराने हातातली भाकरी खाली ठेवली, हात धुतले आणि येऊन अण्णांच्या पायांवर डोकं टेकवलं. म्हणाला, असे पाय आता बघायला मिळत नाहीत.

अण्णांनी पाय मागे ओढून घेतले. काही बोलले नाहीत. पानातली भाकरी तशीच राहिली. उन्हाने त्रास झाला असेल असं मला वाटलं आणि मी त्यांना पाणी दिलं.

मुक्काम लासलगावला माझ्या नणंदेकडे होता. अण्णा लवकर झोपायला गेले.

येवला

सकाळी लासलगावातून बाहेर पडायलाच तासभर गेला. दिवाळीनंतर बाजार समिती नुकती उघडली होती आणि रस्ताभर कांद्याचे ट्रॅक्टर एकामागे एक उभे. नवा लाल कांदा, त्याचा वास डोळ्यांत जातो. चिन्मयने ट्रॅक्टर मोजायला घेतले आणि तेही अर्धवट सोडले.

येवल्यात आम्ही आधी पैठणीच्या मागावर गेलो. विणकर बाईंनी मानसीला शेजारी बसवून धोटा हातात दिला. एवढा मोर विणायला किती वेळ लागतो, असं तिने विचारलं तर बाई म्हणाल्या की मनासारखा जमला तर दोन दिवस, नाहीतर उसवून परत. मग सत्तावन्नच्या लढ्यातल्या सेनापतीचं हे जन्मगाव म्हणून विलासने मुलांना तिथल्या पुतळ्यापाशी नेलं. पुतळ्याजवळच एका कडुनिंबाखाली पार होता. तिथे आम्ही चहा घेत बसलो असताना अण्णांनी मानसीला जवळ बोलावलं.

"काल तो माणूस पाया पडला तेव्हा मी गप्प बसलो, ते चुकलं," ते म्हणाले. "मी बेचाळीसला होतो, बाळ. पण मोर्चात नव्हतो. मोर्चापुढे होतो, काठी घेऊन."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, थांबलेही नाहीत, जणू जबानीच देत होते. वय एकवीस, पोलिसात भरती होऊन वर्ष झालेलं, नेमणूक याच भागातल्या ठाण्यावर. एका गावात लोक चावडीवर झेंडा लावणार अशी खबर आली म्हणून सहा शिपाई घेऊन फौजदार गेले. चाळीसेक माणसं घोषणा देत आली. सर्वांत पुढे अण्णांच्याच वयाचा एक मुलगा, हातात झेंडा. फौजदारांनी हुकूम दिला. अण्णांनी त्या मुलाच्या मनगटावर काठी मारली. हाड मोडल्याचा आवाज त्यांना ऐकू आला. झेंडा पडला तो त्या मुलाने डाव्या हाताने उचलला. मग इतर शिपाई त्याच्यावर धावले आणि त्याला धरून नेलं. त्या आठवड्यात ठाण्यातल्या दोन शिपायांनी पट्टा उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि ते घरी निघून गेले.

"मी ठेवला नाही," अण्णा म्हणाले. "बहिणीचं लग्न व्हायचं होतं. पण लग्न नसतं तरी ठेवला असता का, मला सांगता येत नाही."

चिन्मयने विचारलं, "म्हणजे तुम्ही इंग्रज होता?"

"नाही रे राजा. तेच तर."

मानसी उठून पाराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. मला काय वाटलं ते आजही धड सांगता येत नाही. अण्णांच्या खाकी गणवेशाला इस्त्री होताना बघत मी मोठी झाले. त्याच नोकरीवर माझं शिक्षण झालं. ऑगस्टमध्ये जिल्ह्यातल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या सत्काराची यादी वर्तमानपत्रात आली होती. तिचं कात्रण अण्णांनी खिशातून काढलं आणि एका नावावर बोट ठेवलं. निकम गुरुजी. झेंडा धरलेला तो मुलगा हाच, म्हणाले, मला त्याच्याकडे जायचंय. गाव तिथून दहा-बारा किलोमीटरवर. त्या घरातली माणसं अजून तिथे नांदतात, म्हणून गावाचं नाव मी इथे लिहीत नाही.

मी नको म्हणाले. इतक्या वर्षांनी कुणाच्या दारात जाऊन उभं राहायचं, ते चिडले तर, मुलांसमोर काही बोलले तर. निदान मुलांना गाडीत बसवू, असं मी सुचवलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मुलांना इतिहास दाखवायलाच निघालोय ना आपण? मग येऊ दे त्यांना." विलास पलीकडच्या दुकानात रस्ता विचारायला गेला.

ते गाव

पुढचा रस्ता कच्चा. दोन्हीकडे बाभळी आणि कापणी झालेली बाजरीची रानं. आमच्या घराच्या खिडकीतून वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात, दिवा गेला की आम्हाला दहा मिनिटंही धीर निघत नाही. या गावात दिवसा वीज नसतेच, असं पहिल्याच घरी कळलं आणि त्याचं कुणाला काही वाटतही नव्हतं.

गुरुजींचं घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं, पुढे शेणाने सारवलेला ओटा. ओट्यावर एक म्हातारी बाई कांद्याच्या रोपाच्या जुड्या बांधत होती आणि बाजूला उंच, वाळक्या अंगाचे गुरुजी जुड्या मोजून पाटीत रचत होते, डाव्या हाताने. उजव्या हाताचं मनगट आत वळलेलं होतं, बोटं अर्धवट मिटलेली. मी ते पाहिलं आणि माझी नजर खाली गेली.

आम्ही कुठले, कुणाचे, अशी विचारपूस झाली. घोंगडी अंथरली गेली. गुरुजींच्या पत्नीने, त्या आजींनी, चहा टाकला, शेळीच्या दुधाचा. नाशिकहून माणसं भेटायला आली याचा दोघांना आनंद झालेला दिसत होता. शाळेसाठी माहिती हवी असेल, असं गुरुजींना वाटलं. या वर्षी पोरं फार येतात, ते मानसीला म्हणाले, विचार काय विचारायचं ते. मानसी माझ्या मागे सरकली.

तेव्हा अण्णांनी हात जोडले आणि आपलं नाव, त्या वेळचं ठाणं आणि आपला बिल्ला नंबर सांगितला. चावडीसमोर तुमच्यावर काठी मी चालवली, म्हणाले.

आजींच्या हातातली जुडी सुटली. गुरुजी अण्णांकडे बघत राहिले. मला वाटलं आता उठवतील. पण ते रागावलेले नव्हते, काहीतरी आठवून ताडून बघत होते. मग त्यांनी विचारलं,

"एक सांगा. तुम्ही हात आखडता घेतला होता, की पुऱ्या जोरानं मारली?"

आजी मध्येच बोलल्या. म्हणाल्या, "आपल्यातलंच पोरगं व्हतं ते. हुकमापायी मारली आसंल, पर जोर नाय लावला. मी तर समद्यांना आसंच सांगत आले."

एवढं सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं होतं. समोर नातवंडं बसलेली, आजींनी उत्तर हातात ठेवलेलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, हो म्हणा अण्णा, कुणाचं काही जाणार नाही.

"पुऱ्या जोरानं," अण्णा म्हणाले.

गुरुजींनी मान हलवली. आपलं वळलेलं मनगट त्यांनी डाव्या हातात घेतलं.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "हाड माझं आहे. हिला बरं वाटतं म्हणून मी बोललो नाही कधी."

अण्णांनी माफी मागितली. डोळे वाहत होते आणि ते पुसत नव्हते. त्यावर गुरुजी जे बोलले ते मी घरी आल्याबरोबर लिहून ठेवलं. ते म्हणाले, "माफीचं मला आत्ता सांगता येणार नाही. पंचावन्न वर्षं त्याचा विचार केला नाही, कारण कुणी मागायलाच आलं नाही. तुम्ही आलात. चहा घ्या."

अण्णांनी चहा घेतला.

त्यानंतर हळूहळू बोलणं सुरू झालं. तुरुंगातून सुटल्यावर डाव्या हाताने लिहायला कसं शिकलो आणि त्याच हाताने फळ्यावर लिहीत शाळामास्तरकीत तीस वर्षं कशी काढली, ते गुरुजींनी मुलांना सांगितलं. पहिल्या वर्षी पोरं त्यांच्या अक्षरांना हसायची. चिन्मयने विचारलं की दुखतं का अजून. थंडीत दुखतं, म्हणाले, आणि त्याच्या हातावर आपला तो हात ठेवला. चिन्मयने तो चांगला उलटसुलट करून पाहिला, डॉक्टरासारखा. आजी मात्र त्यानंतर अण्णांशी एक शब्दही बोलल्या नाहीत. जुड्या बांधत राहिल्या. त्यांचंही बरोबरच होतं.

निघताना अण्णांना उठता येईना, पायाला मुंग्या आल्या होत्या. येवल्यापासून मानसी त्यांच्या जवळ गेली नव्हती. ती ओट्यावरून खाली उतरली, दाराशी काढलेल्या अण्णांच्या वहाणा उचलून आणल्या आणि त्यांच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या. मग हात पुढे केला. अण्णा तिच्या हाताला धरून उठले.

परतीच्या रस्त्यावर निफाडच्या पुढे दोन्ही मुलं झोपली. अण्णा खिडकीबाहेर उसाची शेतं बघत होते. मी विचारलं, हो म्हणाला असता तर काय बिघडलं असतं. ते म्हणाले की हो म्हणावंसं वाटलं होतं, पण मानसी बघत होती.

एकलहरे

प्रवासवर्णन इथे संपायला हवं, कारण प्रवास इथे संपला. मानसीने निबंध लिहिला. सगळं लिहू का, म्हणून आधी तिने अण्णांना विचारलं आणि ते लिही म्हणाले. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला नाही, पण वहीत खाली, आजोबांना माझा नमस्कार सांग, एवढं लिहून दिलं.

जानेवारीत गुरुजींचं पोस्टकार्ड आलं. अक्षर डावीकडे झुकलेलं, पण रेखीव. मोतीबिंदू काढायला नाशिकला यायचं आहे, मुलगा सुरतेला असतो, दवाखान्याजवळ एखादी स्वस्त धर्मशाळा असेल तर कळवावं, असं लिहिलं होतं. अण्णांनी ते कार्ड मला दाखवलं आणि तिथेच उभे राहिले. विलासने उलटटपाली लिहिलं की धर्मशाळा एकलहऱ्यात आहे, आमच्याकडे.

आज गुरुजी येऊन सहा दिवस झाले. आजीही आल्या आहेत. पहिले दोन दिवस त्या स्वयंपाकघराच्या दाराशीच बसून राहिल्या, तिसऱ्या दिवशी मला म्हणाल्या की तुमच्या अण्णाला भाकर पातळ लागती का जाड. ऑपरेशन नीट झालं. हिरवी पट्टी उतरली आहे आणि दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब घालायचे आहेत. गुरुजींना एका हाताने ते जमत नाही, आजींना जवळचं नीट दिसत नाही, आम्ही दोघं कामावर. म्हणून ते काम अण्णांनी घेतलं आहे. घड्याळ लावून ठेवतात, हात साबणाने दोनदा धुतात, खुर्ची उजेडाकडे वळवतात.

"वर बघा, गुरुजी," ते म्हणतात.

गुरुजी मान मागे टाकून वर बघतात. अण्णांचा हात आता फार थरथरतो, म्हणून शाळेतून आल्यावर दुपारच्या वेळी मानसी शेजारी उभी राहते आणि थेंब पडेपर्यंत त्यांच्या कोपराखाली आपला तळहात धरून ठेवते.